प्रॉडक्ट डिझाइनच्या एम.डेस.ला दोन वर्षं नेमकं करतात तरी काय?

तुम्ही विचारलंय की तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात, चाकणला दोन वर्षं नोकरी झाली आहे, प्रॉडक्ट डिझाइनमध्ये एम.डेस. (मास्टर ऑफ डिझाइन, पदव्युत्तर पदवी) करावं असं मनात आहे, पण विद्यार्थी तिथे दोन वर्षं काय करतात ते कुणी धड सांगत नाही. शिवाय चित्रकला कच्ची असली तर निभाव लागेल का, हाही प्रश्न आहे. मीही मेकॅनिकलचीच. ठाण्यात एका कारखान्यात तीन वर्षं फिक्स्चर, म्हणजे काम करताना भाग पक्का धरून ठेवणारी साधनं, डिझाइन केल्यावर पवईला, आयआयटीतल्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन शाळेत, शिकायला गेले. त्यामुळे तुमच्या प्रश्नामागची धाकधूक मला चांगली ठाऊक आहे. जरा सविस्तर लिहिते.

पहिले काही महिने तुमच्याकडे कुणी एकही उपयोगी वस्तू मागत नाही. इंजिनिअर मुलांना याचाच सगळ्यात जास्त त्रास होतो. प्लास्टरचा घन ओतायचा आणि त्याच्या कडांना गोलाई द्यायची. एकाला दोन मिलिमीटर, दुसऱ्याला वीस, तिसऱ्याला एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त. मग सगळे ठोकळे टेबलावर ओळीने मांडून नुसतं बघायचं. एक जड दिसतो, एक मऊ वाटतो, एक पुढे सरकतोय असा भास होतो. कारखान्यात मी कडेला गोलाई द्यायचे ती ताण एका जागी साठू नये म्हणून किंवा टूल आत जावं म्हणून. तीच गोलाई डोळ्याला काय सांगते, हे तीन वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. आयडीसी १९६९ साली सुरू झालं. त्याची पायाभरणी करणारे सुधाकर नाडकर्णी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात आणि पुढे जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत शिकून आले होते. हाताने आकार घडवत डोळा तयार करण्याची ही पद्धत त्या परंपरेतली आहे.

हे काम अंगमेहनतीचं आहे, हे आधीच सांगून ठेवते. फोम कापा, लांबी (खड्डे भरायची पुट्टी) लावा, सुकू द्या, ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग एकशेवीस, दोनशेवीस, चारशे, मग प्रायमर. प्रायमर मारला की न दिसलेले सगळे खड्डे वर येतात. पुन्हा लांबी. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये, दोन मिनिटांत होणारा वक्र हाताने करायला दोन दिवस लागतात. पण त्या दोन दिवसांत बोटांना कळतं की पृष्ठभाग कुठे ‘तुटतो’. पुढे कॅडवर बसलात की ते ज्ञान कामाला येतं.

याच सुमारास एर्गोनॉमिक्स, म्हणजे माणसाच्या शरीराला वस्तू जुळवण्याचा अभ्यास, सुरू होतं. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय माणसांच्या शरीरमापांचं पुस्तक तयार केलं, ते अहमदाबादच्या एनआयडीने (राष्ट्रीय डिझाइन संस्थेने) १९९७ साली प्रसिद्ध केलं. ते स्टुडिओत कायम कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर उघडं असायचं. कारण साधं आहे. फळी किती उंचावर लावायची हे सगळ्यात बुटक्या लोकांच्या हातावरून ठरतं आणि दरवाजा किती उंच करायचा हे सगळ्यात उंच लोकांच्या डोक्यावरून. ‘सरासरी माणूस’ धरून दोन्ही केलं तर दोन्हीकडे चुकतं. परदेशी तक्त्यातली मापं उचलून आपल्याकडची खुर्ची केली की कितीतरी बायकांचे पाय जमिनीला टेकत नाहीत.

मतदानयंत्राचं उदाहरण आम्ही खूप चघळलं. त्याचं औद्योगिक डिझाइन आयडीसीतल्याच ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी केलं आहे. ज्या माणसाने आयुष्यात कधी यंत्राचं बटण दाबलेलं नाही, ज्याला कदाचित वाचता येत नाही, तो पडद्याआड एकटा उभा आहे. मदतीला कुणी येऊ शकत नाही. मत पडलं हे त्याला कसं कळणार? चिन्हाशेजारीच निळं बटण, त्याच ओळीत पेटणारा लाल दिवा आणि एक लांब बीप. माझी आजी मतदान करून आली की ‘वाजलं’ एवढंच सांगायची. तिच्या त्या शब्दाचा अर्थ मला आयडीसीत गेल्यावर कळला.

वस्तू उघडून बघणं हा दुसरा मोठा उद्योग. मिक्सर, इस्त्री, पंप, खेळणी, जे मिळेल ते. प्रत्येक भाग काढून मांडायचा आणि विचारायचं की हा असाच का? तुम्हाला यात पहिल्या दिवसापासून मजा येईल, कारण भिंतीची जाडी, ड्राफ्ट (भाग साच्यातून सुटावा म्हणून दिलेला उतार), रिबमुळे (आतल्या आधाराच्या पट्टीमुळे) मागच्या बाजूला पडणारा खळगा हे सगळं तुम्हाला आधीच दिसतं. पण मिक्सरपाशी सरांनी आम्हाला वेगळीकडे नेलं. १९६० च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाच्या इंजिनिअरने ‘सुमीत’ मिक्सर तयार केला. घरातला परदेशी मिक्सर आपल्या स्वयंपाकाच्या वाटणापुढे टिकला नाही, तिथून त्याची सुरुवात झाली. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, सुकी हळकुंडं, सगळं एकाच यंत्रात वाटायचं तर मोटार, पाती आणि भांडं सगळ्यांचाच नव्याने विचार करावा लागतो. ‘पाट्यावर बसलेल्या बाईकडे आधी बघा, मोटार नंतर’, हे सरांचं वाक्य मला तेव्हा नुसतं छान वाटलं होतं. ते खरं किती आहे, हे शेवटच्या प्रकल्पात समजलं. त्याकडे येतेच.

कारागिरीची नोंद करायला आम्ही पुण्याला कसब्यातल्या तांबट आळीत गेलो होतो. काम काय? हत्यारं मोजायची, चित्रं काढायची, पत्रा कापण्यापासून भांडं तयार होईपर्यंतची प्रत्येक पायरी लिहायची, आणि कारागीर बोलतील ते त्यांच्याच शब्दांत टिपायचं. तांब्याच्या भांड्यावर ते एकसारखे चकाकते ठोके असतात ना, त्याला मठारकाम म्हणतात. मी ते आयुष्यभर नक्षी समजत होते. प्रत्यक्षात गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याचा प्रत्येक ठोका तांबं तेवढ्यापुरतं कठीण करतो, म्हणून पातळ पत्र्याचा हंडासुद्धा चेपत नाही. वर्क हार्डनिंग मी परीक्षेत दहा मार्कांसाठी लिहिलं होतं. तिथे ते एक आजोबा कानाने तपासत होते. ठोक्याचा आवाज बदलला की भांडं फिरवायचे. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद आहे, ‘माप आवाजात आहे’. कॉलेजच्या सहलींविषयी लोक फार हलक्याने बोलतात. मला विचाराल तर दोन वर्षांतला हा सगळ्यात मोलाचा आठवडा होता.

मग प्रकल्प. सत्र पुढे सरकतं तसे ते मोठे होत जातात. पहिला छोटा, सरांच्या देखरेखीखाली. उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत किंवा स्टुडिओत इंटर्नशिप. दुसऱ्या वर्षी आणखी एक, आणि शेवटचं जवळजवळ अख्खं सत्र एकाच प्रकल्पाला, त्याला सगळे ‘पी-थ्री’ म्हणतात. प्रत्येकाच्या मध्ये ज्युरी. तुमचं काम भिंतीवर लावलेलं, मॉडेल टेबलावर आणि समोर चार-पाच जण प्रश्न विचारायला. माझ्या वर्गात वास्तुविशारद होते, जे.जे.चे होते, एक जण जहाजबांधणीतला होता. वर्ग छोटा असल्याने प्रत्येकाचं प्रत्येकाला माहीत असायचं, आणि रात्री दोनला कुणीतरी तुमच्या मॉडेलसमोर उभं राहून ‘हे हँडल उलटं वाटतंय’ असं सांगायचं. अशा फुकट मिळालेल्या वाक्यांनी माझे निदान दोन प्रकल्प वाचले.

माझा पी-थ्री ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांसाठी होता. कुलाब्याची ही गोदी १८७५ ची. पहाटे बोटी लागतात, लिलाव होतो, आणि मग शेडमध्ये बायका गोल करून बसतात. पुढ्यात कोळंबीचा ढीग, शेजारी बर्फाच्या पाण्याचं टब. डोकं मोडायचं, अंगठा सालाखाली घालून साल सोडवायचं, धागा ओढायचा, टाकायचं. मोबदला वजनावर, म्हणजे हात थांबला की पैसे थांबले. बर्फाने बोटं बधिर होतात, आणि कोळंबीच्या डोक्यावरचा करवतीसारखा काटा टोचलेला त्या वेळी कळतही नाही. संध्याकाळी हात गरम झाला की ठणका सुरू होतो.

मी आतून मेकॅनिकल इंजिनिअरच होते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात माझ्याकडे पायाने चालवायचं सोलणीयंत्र तयार होतं. पेडल, दोन रोलर, खाली ट्रे. गणित बरोबर होतं. मार्गदर्शक सरांनी ड्रॉइंग पाहिलं आणि एकच विचारलं, ‘रात्री हे कुठे ठेवणार त्या?’ मला उत्तर देता आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गेले आणि त्या काय घेऊन येतात ते पाहिलं. एक पिशवी. त्यात बसायला छोटा पाट, प्लॅस्टिकचा एप्रन, डबा, पाण्याची बाटली. शेडमध्ये कुणाची जागा ठरलेली नाही, कुलूप लावता येईल असं काही नाही. म्हणजे मी जे काही करीन ते त्या पिशवीत मावलं पाहिजे. असला आकडा कुठल्याच तक्त्यात मिळाला नसता.

मग हातमोजे. बाजारात मिळणारे चार प्रकारचे मोजे घेऊन गेले. तिथे सोलायला बसणाऱ्या एका मावशींनी एक चढवला, दोन कोळंब्या सोलल्या आणि काढून ठेवला. ‘गो बाय, ह्याच्यात माझा हात आंधळा झाला.’ अंगठ्याच्या टोकाला साल कुठे सुटलं ते कळायला हवं असतं, मोज्यात ते कळत नाही आणि वेग पडतो. मी तीन पहाटा नुसतं बसून व्हिडिओ काढले, घरी येऊन एकेक चित्र थांबवून बघितलं. तेव्हा लक्षात आलं की जखमा सगळ्या हातभर नाहीत. उजव्या अंगठ्याच्या बाहेरच्या कडेला आणि डाव्या तर्जनीच्या पहिल्या पेरावर, बस. बाकी हात झाकायची गरजच नव्हती.

शिंपी बोटात अंगुस्तान घालतो, तसं काहीतरी सिलिकोनचं करायचं ठरलं. नखाची बाजू उघडी, टोक उघडं, फक्त कड झाकलेली. साचे थ्रीडी प्रिंटरवर काढले, सिलिकोन घरीच ओतलं. मऊ केलं तर काटा आरपार जायचा, कडक केलं तर पेर वाकेना. आतमध्ये बर्फाचं पाणी साचून राहायचं, म्हणून खाली भोकं पाडली. पहिली खेप घाईत ओतलेली, साचा न घासता, त्यामुळे प्रिंटरच्या थरांच्या बारीक रेघा सिलिकोनवर उमटल्या होत्या. मला त्याची लाज वाटली. दुसरी खेप साचा सहाशेच्या पेपरपर्यंत घासून, प्रायमर मारून, आरशासारखी गुळगुळीत केली. दोन्ही घेऊन गेले. मावशींनी दोन्ही घालून पाहिली आणि गुळगुळीत परत दिली. ‘ती रेघावाली दे. कोळंबी सरकत नाय.’

ज्युरीत एका परीक्षकांनी मात्र गुळगुळीतच चांगली ठरवली, दिसायला ती तयार वस्तू वाटत होती. मी व्हिडिओ लावला. पुढचा अर्धा तास कुणी दिसण्याविषयी बोललं नाही, सगळे रेघांची दिशा कुठली असावी यावर बोलत होते. आडव्या रेघांनी पकड मिळते पण त्यात घाण अडकते, उभ्या धुवायला सोप्या पण पकड कमी. शेवटी तिरप्या ठेवल्या. तोही निर्णय मावशींच्या टबात धुऊन बघूनच झाला.

हे सगळं मेअखेरीस संपवणं भाग होतं. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, मग सोलणार कोण आणि मी बघणार काय? तुमचा विषय अशा कामाशी जोडलेला असेल तर कॉलेजच्या कॅलेंडरइतकंच त्या माणसांचं कॅलेंडर आधी बघा. आमच्या वर्गातल्या एकाने शेतीचं अवजार घेतलं होतं आणि त्याला वापरून बघायला पेरणीच मिळाली नाही.

माझी वस्तू बाजारात आली का? नाही. साच्याचा खर्च आणि विकायची व्यवस्था, दोन्ही एका सत्रात बसणारं नव्हतं. शेवटच्या खेपेतली अंगुस्तानं मावशी आणि त्यांच्या शेजारणींनी ठेवून घेतली, पुढच्या हंगामात गेले तेव्हा दोघींच्या हातात होती, एकीने सैल झालं म्हणून आत सुताचे दोन वेढे दिले होते. मी त्या वेढ्यांचे फोटो काढून आणले. आज मी घरगुती उपकरणांवर काम करते आणि माप ठरवताना मला तो फोटो आठवतो.

एक व्यवहाराची गोष्ट, कारण ती आम्हाला उशिरा कळली. इंटर्नशिपला माझ्या एका वर्गमित्राने काढलेला आकार पुढे त्या कंपनीच्या वस्तूत दिसला आणि त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याने सही केलेल्या पत्रात सगळे हक्क कंपनीकडे दिलेले होते, त्याने ते वाचलं नव्हतं. सही करण्याआधी निदान पोर्टफोलिओत काम दाखवायची परवानगी लिहून घ्या. आणि स्वतःच्या प्रकल्पाचा आकार नोंदवायचा असेल तर २००० च्या डिझाइन्स कायद्याखाली आधी दहा वर्षांचं आणि पुढे आणखी पाच वर्षांचं संरक्षण मिळतं, पण अर्जाआधी तो जाहीर झालेला नसावा लागतो. वर्षाअखेरच्या प्रदर्शनात तो मांडायचा आणि मग अर्ज करायचा, हा क्रम उलटा आहे.

आता चित्रकलेचं. एम.डेस.च्या प्रवेशासाठी असलेल्या सीड (सीईईडी) या परीक्षेत चित्र काढावं लागतंच, ते टळणार नाही. परीक्षा जानेवारीत असते, अर्ज साधारण ऑक्टोबरात निघतात. आयआयटीच्या डिझाइन विभागांत आणि बंगळुरूच्या आयआयएससीतही तिचे गुण चालतात, एनआयडीची परीक्षा वेगळी असते. पण तिथे चित्र सुंदर असण्यापेक्षा ते काय सांगतं याला किंमत आहे. माणूस वस्तू कशी धरतो, झाकण कुठल्या बाजूला उघडतं, पाणी कुठून गळतं, हे बघणाऱ्याला कळलं म्हणजे झालं. मी प्रवेश घेतला तेव्हा मला माणसाचा हात काढता येत नव्हता. रोज सकाळी एक पान लंबवर्तुळं आणि एक पान हात, एवढंच सहा महिने केलं. लंबवर्तुळं अशासाठी की कप, बाटली, चाक, बटण, सगळं तिरकं पाहिलं की तेच असतं.

नोकरी आत्ताच सोडू नका. तुमच्या शॉप फ्लोअरवर रोज एकच काम शेकडो वेळा करणारं कुणीतरी असेल. त्यांना विचारून, त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून, त्यांच्या हाताची तीस चित्रं काढा. हत्यार धरलेला हात, दमल्यावर ठेवलेला हात, मोजा कुठे फाटलाय, हँडलला कुणी चिंधी किंवा टेप गुंडाळली आहे का. चिंधी दिसली तर ती का गुंडाळली, हे मात्र नक्की विचारा. यातली पहिली दहा झाली की मला दाखवा, कशीही आली असली तरी. मी बघून सविस्तर कळवेन.